पाषाणच्या संगणकात दिल्लीचा धूर

परवा दिल्लीची हवा किती बिघडणार, याचा हिशेब पुण्यात होतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८च्या ऑक्टोबरात दिल्लीसाठी प्रदूषणाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा सुरू केली. तिचा गाभा म्हणजे 'डब्ल्यूआरएफ-केम' हे मॉडेल. वारा आणि रसायनं यांची गणितं ते बरोबरीनेच सोडवतं.

त्यासाठी हवेचे ठोकळे पाडले जातात. उत्तर भारतावर १० किलोमीटरचे, दिल्लीवर मात्र अवघ्या ४०० मीटरचे. ठोकळा लहान, तर एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचं वेळेचं पाऊलही लहान. या मॉडेलचा ठोकताळा किलोमीटरमागे सुमारे ६ सेकंदांचा. म्हणजे ४०० मीटरला अडीच सेकंदही नाहीत. तीन दिवसांच्या अंदाजासाठी अशी लाखभर पावलं पडतात. महासंगणक लागतो तो इथे.

खरी गंमत रसायनांत आहे. ओझोन कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो आणि सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, की ओझोन तयार. रात्री ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन टाकतो. म्हणून रहदारी घटली की ओझोन उलट वाढूही शकतो. २०२०च्या टाळेबंदीत काही शहरांनी ते पाहिलं.

मॉडेलची दुखरी नस वेगळीच: कोण, कुठे, कधी, काय जाळतो? पंजाब-हरयाणातल्या भाताच्या पराळीच्या आगी उपग्रह टिपतात. पण त्यांतले महत्त्वाचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातात. चार वाजता पेटवलेलं शेत त्यांना दिसत नाही, आणि जे दिसलं नाही त्याचा धूर मॉडेलमध्ये येणार कुठून? उपग्रहांनी मोजलेलं हवेतल्या कणांचं प्रमाण घालून अंदाजाची सुरुवात दुरुस्त करता येते. उद्या संध्याकाळी पडणारी काडी मात्र कुठल्याच समीकरणात नसते.

हा निव्वळ अभ्यासकांचा खेळ राहिलेला नाही. २०२२पासून दिल्लीतले टप्प्याटप्प्याचे निर्बंध हवा बिघडण्याची वाट न पाहता अंदाजावरून, तीन दिवस आधी लावण्याचं धोरण आलं. त्यात बांधकामं थांबतात, डिझेलच्या गाड्यांना अटकाव होतो. अंदाज उगाच चढा निघाला, तर गवंड्याचा रोज बुडतो. कमी निघाला, तर धूर त्याच्याच छातीत जातो.