व्यसन सुटलं, पण पुढे काय?

उपचार संपवून माणूस घरी येतो आणि पहिल्याच लग्नात कुणीतरी ग्लास पुढे करतं, 'एका पेगने काय होतंय?' होतं. व्यसनाधीनता हा आजार आहे आणि तो उलटू शकतो. दारू थांबली तरी मेंदूला लागलेली ओढ लगेच जात नाही. जुना अड्डा, घरातलं भांडण, अगदी पगाराचा दिवसही ती जागी करतो.

अशा वेळी त्यातून गेलेल्या दुसऱ्या माणसाचा आधार मोठा असतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे 'एए' याच तत्त्वावर चालते. सभेला फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. (आपल्याकडे आडनावावरून अख्खं घराणं कळतं, त्यामुळे ही सोय छोटी नाही.) पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं इतरांना मदत करतात.

पुन्हा प्यायलं गेलं, तर 'एए'मध्ये त्याला 'स्लिप' म्हणतात. घरी मात्र 'बेवडा तो बेवडाच' ऐकावं लागतं. मग माणूस स्लिप लपवतो आणि मदत मागायला उशीर होतो.

एक धोका लक्षात ठेवा: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन: १४४४६. घरचेही फोन करू शकतात.