फरशीआधी जमीन बघा

घर बांधायला काढले की फरशीची चर्चा दुकानातल्या चकचकीत नमुन्यांपासून सुरू होते. परभणी जिल्ह्यात ती जमिनीपासून सुरू व्हायला हवी. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जोत्यातली मुरमाची भर नीट धुमसलेली नसेल, तर तळमजला हलतोच. म्हणून देखणी फरशी कोणती, यापेक्षा बिघडल्यावर सुधारता येईल अशी कोणती, हे आधी पाहावे. या कसोटीवर तळमजल्याला शहाबादी दगडी लादी आजही उजवी ठरते.

दगडाला इथे तोटा नाही. चारठाण्याची जुनी मंदिरे काळ्या बेसॉल्टचीच आहेत. पण बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या पातळ लाद्या सहज सुटत नाहीत. थराथरांनी साचलेल्या चुनखडकाच्या सुटतात. म्हणून लादी कलबुर्गीकडच्या शहाबादहून आली. १९४८पर्यंत दोन्ही मुलूख निजामाच्याच राज्यात होते. ही लादी वरपासून खालपर्यंत एकच दगड असते. झिजली तर पुन्हा पॉलिश होते, एखादी तडकली तर तेवढीच उचलून बदलता येते. रंगात थोडा फरक मुळातच असल्याने नवी लादी उपरी वाटत नाही.

व्हिट्रिफाइड टाइलचे गणित वेगळे आहे. ती पाणी जेमतेम ०.५ टक्का किंवा त्याहून कमी शोषते. म्हणून तिच्यावर डाग मुरत नाहीत. पण त्याच गुणामुळे साध्या सिमेंटच्या मालाला तिच्यात शिरकाव मिळत नाही आणि पकड कच्ची राहते. त्यात मिस्त्रीने चार कोपऱ्यांना मालाचे गोळे ठेवून टाइल दाबली, तर मध्ये पोकळी उरते. बोटाने ठोकले की आवाज लगेच बदलतो. स्पेसर न वापरता टाइलला टाइल भिडवली, तर प्रसरणाला जागा राहत नाही आणि मधली रांग उचलली जाते. ग्लेझवाल्या टाइलचा टवका उडाला की आतला वेगळा रंग उघडा पडतो, आणि काही वर्षांनी तीच छटा बाजारात मिळेलच असे नाही.

शहाबादी गार असते म्हणून घ्यावी, हा युक्तिवाद मात्र लंगडा आहे. तळमजल्याचा गारवा मुख्यतः खालच्या जमिनीचा असतो. दगडाविरुद्धचे आक्षेपही खरे आहेत. तो तेल पितो, आणि चुनखडक असल्याने लिंबू, चिंच, ॲसिड यांनी त्यावर पांढुरके चट्टे पडतात. म्हणूनच न्हाणीघर, ओट्यामागची भिंत आणि वरचे मजले टाइलला द्यावेत; न्हाणीत मात्र खडबडीत टाइलच हवी. दगडही खचलेल्या भरावावर तडकतो, हे खरेच. पण त्याची दुरुस्ती एका लादीत आटोपते. टाइलच हवी असेल, तर महागड्या डिझाइनचे पैसे आधी मुरूम, धुम्मस आणि टाइल ॲडहेसिव्हवर घालावेत.