प्रथिनांच्या साध्या प्रतिरूपातून सविस्तर रचना : एक परिचय

प्रस्तावना :
विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात सिकलसेल हा आजार परिचित आहे. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ फरक. परंतु प्राणवायू सोडल्यानंतर या व्हॅलिनची शाखा शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत बसते, लांब तंतू तयार होतात व रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. यावरून प्रथिनातील प्रत्येक अणूच्या जागेचे महत्त्व लक्षात येते.

साधे प्रतिरूप :
हिमोग्लोबिनमध्ये ५७४ अमिनो आम्ले व हजारो अणू असतात. भोवतीच्या पाण्यासह त्या सर्वांची हालचाल मोजण्यास संगणकालाही फार वेळ लागतो. म्हणून १९७५ मध्ये मायकेल लेव्हिट व आरिये वॉर्शेल यांनी प्रत्येक अमिनो आम्लासाठी मोजकेच बिंदू धरून एका लहान प्रथिनाची घडी संगणकावर अभ्यासली. गणित सोपे झाले, पण बारकावे गळाले.

पुनर्रचनेची पद्धत :
गळालेले अणू पुन्हा बसविणे म्हणजेच पुनर्रचना होय. उर्दू वाचकाला हे काम अपरिचित नाही. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. अलिफ-सीन ही दोन अक्षरे 'इस' अशीही वाचता येतात आणि 'उस' अशीही. योग्य वाचन वाक्यावरून ठरते. संगणकही असाच संदर्भ पाहतो. प्रथम तो बिंदूंवरून प्रथिनाचा कणा उभारतो. नंतर ज्ञात रचनांत वारंवार आढळणाऱ्या ठेवणींच्या संग्रहातून प्रत्येक आम्लाची पार्श्वशाखा निवडतो. शेवटी एकमेकांत घुसलेले अणू किंचित सरकवून रचनेची ऊर्जा कमी करतो. कण्याचे कोन संभवनीय आहेत काय, हे मद्रास येथील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आलेखावरून तपासले जाते.

निष्कर्ष :
पुनर्रचनेतील अणू अनुमानाने बसविलेले असतात, हे विसरता कामा नये. प्रथिनाच्या आतील शाखांना दाटीमुळे फारशी मोकळीक नसते. पृष्ठभागावरील शाखांची मात्र एकाहून अधिक वाचने संभवतात, आणि सिकलसेलमधील बदल नेमका पृष्ठभागावरच आहे. म्हणून अशा रचनेवरून औषधाची आखणी करताना प्रयोगाने पडताळणी आवश्यक ठरते. 'इस'च्या जागी 'उस' वाचले तर वाक्याचा अर्थ बिघडतो. येथे चुकीच्या वाचनाची किंमत रुग्णाला मोजावी लागेल.