वजनमापांची गोष्ट (लेखांक ७) : गुंजभर दारू

गेल्या आठवड्यात आपण आटपाडीच्या गलाईवाल्यांच्या तराजूपाशी थांबलो होतो. आटपाडी, खानापूर, तासगावकडची माणसं सोनंचांदी गाळायला देशभर पांगली. त्यांच्या धंद्याचा जीव या काचेच्या पेटीतल्या तराजूत. नुसत्या श्वासानंही पारडं हलतं, म्हणून ती पेटी. आज त्याच पारड्यात बंदुकीची दारू ठेवून बघू.

१८३३ साली इंग्रजांनी तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे एका गुंजेला पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. काडतुसातली दारू अमेरिकेत आजही याच ग्रेनमध्ये मोजतात. तिथं हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून घरी आणतात, दारू पेटवणारी जुनी टोपी पाडून नवी बसवतात, दारू घालतात आणि वर गोळी दाबतात. त्यासाठी दाबयंत्र, साचे आणि तराजू लागतो. नवखा माणूस पैसे ओततो दाबयंत्रावर, कारण ते टेबलावर भारदस्त दिसतं. तराजू येतो उरल्यासुरल्या पैशांत. माझ्या मते आधी तराजू घ्यावा. वाकडी बसलेली गोळी डोळ्यांना दिसते. दारूचं चुकलेलं वजन पुंगळीच्या पोटात झाकून जातं.

ठासणीच्या बंदुकीला काळी दारू मापट्यानं घालत, थोडं इकडंतिकडं चालून जाई. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू केली आणि तो सैलपणा संपला. तिचा जोर काळीच्या कितीतरी पट. जुन्या मापट्यानं ती भरली तर नळी फुटू शकते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात ती जाते साधारण पाच ग्रेन. अडीच-पावणेतीन गुंजाच की! अर्ध्या गुंजेची चूक म्हणजे पाचव्या हिश्श्याची चूक. त्यात पुंगळीत जागा उरते, त्यामुळं कधीकधी दुप्पट दारू पडली तरी बाहेर सांडत नाही. सोन्यात अर्धी गुंज चुकली तर पैसे जातात, इथं बोटं आणि डोळे जातात.

बॅटरीवरचा काटा झटपट वजन सांगतो, पण पंख्याच्या वाऱ्यानं आणि खोलीच्या उष्म्यानं सरकतो. दांडीचा काटा सावकाश, पण भरवशाचा. कुठलाही घेतला तरी खात्रीचं वजन ठेवून तो रोज तपासायला हवा. दोन पारड्यांच्या तराजूला आणखी एक जुनी परीक्षा आहे: माल आणि वजन यांची पारडी बदलायची. काटा तिथंच थांबला तर तराजू खरा.

आपल्याकडं मात्र काडतूस भरणं हे घरी करायचं काम नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणजे काडतूस भरायचं रिकामं यंत्रसुद्धा कायद्यानं दारूगोळाच, आणि काडतूस बनवायला परवाना लागतो. तेव्हा परदेशातून असं यंत्र मागवायच्या भानगडीत पडू नका. शिकारी आजोबांच्या ट्रंकेत काडतुसाचं तोंड वळायचं हातयंत्र निघालं, तर ते मोडीत घालू नका, कुणाला देऊही नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा. सोबत जुनी काडतुसं असतील तर त्यांना हात लावू नका.