गाडीत बदल केलात, विमा कंपनीला कळवलंत का?

बंगळूरच्या जे. सी. रोडवर गाडीच्या सामानाची दुकाने एकाला एक लागून आहेत. सीट कव्हर, स्पीकर, रुंद चाके, डोळे दिपवणारे दिवे, काय हवे ते मिळते. नवी गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात या रस्त्याला एक फेरी होतेच. मुलांना मोठ्या आवाजाची गाणी हवी असतात, गृहिणीला उन्हापासून आडोसा हवा असतो आणि गृहस्थांना पेट्रोलचा खर्च कमी करायचा असतो. बिल खिशात घालून मंडळी घरी येतात. विमा कंपनीला मात्र यातले काहीच कळत नाही.

आमच्या भावजींचे असेच झाले. माझी ताई आणि भावजी नोकरीनिमित्त गेली पंचवीस वर्षे बंगळूरला आहेत. २०१९ मध्ये भावजींनी पेट्रोलच्या गाडीला गॅसचा किट बसवून घेतला. खर्च पन्नास हजार. सिल्क बोर्डच्या चौकात रोज अर्धा-पाऊण तास गाडी चालू ठेवून उभे राहणाऱ्या माणसाला हा खर्च लवकरच भरून निघाल्यासारखा वाटतो. आरसी बुकावर नोंद करायचे काम गॅरेजवाल्याने "नंतर करू, साहेब" म्हणून पुढे ढकलले आणि ते राहूनच गेले. विम्याचा हप्ता मात्र ताईने एकदाही चुकवला नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात एका ट्रकने मागून धडक दिली आणि तो थांबलाही नाही. सुदैवाने कोणाला लागले नाही, पण डिकी पार आत गेली. सर्व्हेअर आला, त्याने डिकी उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही टाकी केव्हा बसवली?" पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले. इंधनाच्या प्रकारातला बदल कळवला नाही, सबब दावा नामंजूर!

"हप्ता एक दिवस उशिरा भरला नाही, आणि हे असं?" ताई फोनवर रडकुंडीला आली होती.

तिचा राग मला समजत होता, पण कंपनीचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते. विमा हा विश्वासाचा करार असतो. गाडी आपल्या दारात उभी असते, कंपनीने ती रोज पाहिलेली नसते. आपण जे सांगतो त्यावरच ती जोखीम ठरवते आणि हप्ता आकारते. पेट्रोलच्या गाडीचा हप्ता घेतला आणि रस्त्यावर धावत होती गॅसची गाडी, असा हा प्रकार होता.

वाचवले किती?

आता हिशेब पाहा. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात गॅस किटसाठी त्याच्या किमतीच्या ४ टक्के आणि तिसऱ्या पक्षाच्या जबाबदारीसाठी ६० रुपये असा जादा हप्ता ठरला होता. २००७ पासून दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, तरी साधारण अंदाजासाठी हे आकडे उपयोगी पडतात. पन्नास हजारांच्या किटला वर्षाला होतात २,०६० रुपये. एवढ्यासाठी लाखाच्या आसपासचा दावा अडकला.

स्टीरिओ, जादा दिवे, अलॉय व्हील यांचेही तसेच आहे. पॉलिसीचा कागद काढून पाहा. त्यात गाडीच्या किमतीशेजारी विजेवर चालणाऱ्या वस्तू, इतर वस्तू आणि गॅस किट असे वेगळे रकाने असतात. बहुतेकांच्या कागदावर तिथे शून्य असते. कंपनीतून गाडीबरोबर आलेल्या वस्तू मूळ किमतीत धरलेल्या असतात, पण आपण बाहेरून बसवलेला तीस हजारांचा स्टीरिओ चोरीला गेला आणि रकान्यात शून्य असेल, तर भरपाईही शून्यच.

कळवले म्हणजे सगळेच चालते, असे मात्र नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. काचेवरच्या काळ्या फिल्मला न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली होती. पुढे लावायचे लोखंडी गार्डही २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने बेकायदा ठरवले. पायी चालणाऱ्याला त्याचा मार जास्त बसतो, शिवाय धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो. तरीही ते हौसेने लावणारे अजून दिसतात.

गॅस किटला परवानगी आहे, पण तो मान्यताप्राप्त हवा. आपल्या पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था अशा किटची चाचणी घेतात. बसवल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यायची असते. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र पॉलिसीबरोबरच ठेवा.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत खास बदल केले आणि आरसी बुकात तशी नोंद असली, तर याच दरपत्रकात गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर ५० टक्के सूट ठेवली होती. म्हणजे कळवल्याने हप्ता वाढतोच असे नाही. आपल्या कंपनीत ही सूट मिळते का, हे जरूर विचारा.

कळवायचे कसे? फोनवर किंवा एजंटच्या कानावर घालून भागत नाही. बिलाची प्रत जोडून लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि पॉलिसीला जोडलेली दुरुस्तीची पुरवणी हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. जुनी गाडी विकत घेताना तर डिकी आणि बॉनेट उघडून, आरसी बुक समोर धरूनच पाहा. आधीच्या मालकाची हौस तुमच्या गळ्यात पडू शकते.

भावजींनी हार मानली नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चोरीला गेलेल्या एका खासगी गाडीचे प्रकरण आले होते. ती भाड्याने वापरली जात होती, ही अटीचा भंग करणारी गोष्ट होती, पण तिचा चोरीशी संबंध नव्हता, म्हणून ७५ टक्के भरपाई कायम राहिली. भावजींनी याच मुद्द्यावर लिहिले, की धडक मागून बसली, गॅसमुळे काही झाले नाही. कंपनीने दाद दिली नसती, तर जे. पी. नगरमधल्या विमा लोकपालांकडे जायचे, असे त्यांनी ठरवले होते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते.

ती वेळ आली नाही. चार महिन्यांनी दुरुस्तीच्या खर्चाच्या ७५ टक्के रक्कम मंजूर झाली. किटचे एक पैसाही मिळाले नाहीत. त्याच आठवड्यात ताई स्वतः भावजींबरोबर आरटीओच्या रांगेत उभी राहिली. "तुमच्यावर सोडलं तर पुन्हा 'नंतर करू' होईल," असे तिने त्यांना तिथेच ऐकवले म्हणे.