चरख्याच्या अटी आणि संगणकाचं शिक्षण

संगणकात पदवी घेणाऱ्या वर्ध्याच्या मुलामुलींना वाटतं की खरी वाट पुण्या-बंगळुरात सुरू होते. मानवकेंद्री संगणनापुरतं तरी हे पटत नाही. वापरणारा कोण, तो कुठे बसतो, त्याला काय झेपतं, हे आधी पाहायचं आणि मग यंत्र घडवायचं, हा या शाखेचा गाभा. याचं जुनं उदाहरण हवं तर १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाखाचं बक्षीस लावलं, तेव्हाच्या अटी वाचाव्यात. चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, बाईला फार न थकता आठ तास कातता यावं, किंमत १५० रुपयांच्या वर नको, २० वर्षं टिकावा. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मग हा प्रयोग फसलाच की, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. सूत जास्त निघतं म्हणून झोपडीची अट सैल केली नाही, ही शिस्त आजच्या ॲप बनवणाऱ्यांतही दुर्मीळ आहे. गांधीजींनी १९३८ साली खुलं केलेलं ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय वर्ध्यातच आहे; या विषयाच्या विद्यार्थ्याने पहिली चक्कर तिथे मारावी.

पुढची वाटही आडवळणाची नाही. डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘सीड’ परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. त्यातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइन शिकता येतं, पीएच.डी. करायची तर अमेरिकेत जॉर्जिया टेकला मानवकेंद्री संगणन याच नावाचा अभ्यासक्रम आहे. आयडीसीत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने केलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड पाहा. अक्षरं शाळेतल्या तक्त्याच्या क्रमाने मांडलेली. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, हव्या बाजूला बोट सरकवलं की झालं. टायपिंगचा क्लास न लावलेल्यालाही मराठी लिहिता यावं, हा त्यामागचा विचार. आता बोलून लिहिता येतं, मग कीबोर्ड कशाला, असा आक्षेप येईल. पण दवाखान्याच्या रांगेत उभ्या बाईने आपलं दुखणं फोनला मोठ्याने सांगावं का? हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुचत नाही, रांगेत उभं राहिल्यावर सुचतो.

नोकरी शेवटी कोडिंगवर मिळते, हेही खरं. कोडिंग यायलाच हवं. मात्र ‘यूएक्स रिसर्चर’ म्हणून कंपन्या ज्याला घेतात, त्याचं कामच माणसांना वापरताना पाहणं, ते कुठे अडतात हे टिपणं आणि त्यावरून आराखडा बदलायला लावणं हे असतं. असं पाहायला शिकवण्याची रीत जिल्ह्यातच आहे: सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं पंधरा दिवस गावात राहून घरोघरी जातात. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टआधी गावात राहायला तेवढेच दिवस द्यावेत, आणि गावात कुणी वापरून पाहिल्याशिवाय प्रोजेक्टला गुण देऊ नयेत.