हृदय थकलं की आठवणही अडखळते

“गोळी घेतली का?” “घेतली.” आणि पाकिटात गोळी तशीच! आजोबांवर आपण चिडतो, नाहीतर वय झालं म्हणतो. पण हार्ट फेल्युअर असेल तर कारण वेगळं असू शकतं. हा आजार म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याचा पंप कमजोर होणं. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे 15 टक्के वाटा एकट्या मेंदूला लागतो. तो कमी पडला की लक्ष, आठवण ढिली पडते. मग गोळ्या चुकतात, सुकट-लोणच्याचं पथ्य मोडतं, पाय सुजतात, हृदय आणखी थकतं.

जव्हार-मोखाड्यातली अनेक घरं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. म्हातारी माणसं मागे राहतात. आम्हाला खरी काळजी याचीच वाटते. निघण्याआधी शेजारच्या एका माणसावर गोळ्यांची जबाबदारी सोपवा. नुसती आठवण करून भागत नाही, गोळी हातावर ठेवावी लागते.

जव्हारच्या कुटीर रुग्णालयात दाखवाल तेव्हा विसराळूपणाही सांगा. रक्त कमी असल्याने किंवा लघवीच्या गोळीने सोडियम उतरल्यानेही असं होतं, आणि त्यावर उपाय आहे. मात्र गोळी मनाने बंद करू नका. दोन-तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढलं तर लगेच दवाखाना गाठा. माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला तर 108 ला फोन लावा.